स्फटिक, चिठ्ठी आणि घाट

युरोपातल्या जुन्या खनिजसंग्रहांत दख्खनच्या काळ्या कातळातून निघालेले झिओलाइट आणि त्यांच्या जोडीने वाढणारे ॲपोफिलाइटचे स्फटिक मानाने मांडलेले असतात. पांढरे, फिकट गुलाबी, क्वचित हिरव्या झाकेचे हे स्फटिक जगभरच्या खनिज-अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्यासोबतच्या जुन्या चिठ्ठ्यांवर ठिकाण म्हणून बहुधा पुणे, खंडाळा किंवा भोर घाट एवढेच लिहिलेले असते. या भोर घाटाचा पायथा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके. इंग्रजी अमदानीत इथे ना कोळशाची खाण निघाली, ना सोन्याची, ना लोखंडाची. म्हणूनच खनिजसंग्रह आणि साम्राज्याचा विस्तार यांचा विचार करताना हा मुलूख सहसा कोणाला आठवत नाही. कोलार, राणीगंज, किंबर्ली या खाणींची नावे चटकन पुढे येतात. तरीही संग्रह आणि सत्ता यांचे नाते नीट समजून घ्यायचे असेल, तर ज्या मुलखात खाण निघालीच नाही तोच आधी पाहावा, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. खाण निघाली की सगळी चर्चा नफा-तोट्याभोवती फिरते आणि संग्रहाने केलेले काम तिच्याखाली झाकून जाते. खाण नसली की ते काम उघडे दिसते. जमीन कामाची आणि बिनकामाची अशी विभागायची, दूरच्या शहरात बसून तिच्यावर निर्णय करायचा आणि ती फोडणाऱ्या माणसांची नोंद गाळायची, हे ते काम होते. कर्जत-खालापूरच्या दगडांनी त्याचा पुरावा जपून ठेवला आहे.

आधी संग्रह म्हणजे काय ते स्पष्ट करायला हवे. अठराव्या शतकापर्यंत युरोपातले सरदार आणि व्यापारी हौसेने चमत्कारिक दगड जमवत. पण जिथे खाणी हे राज्याच्या उत्पन्नाचे साधन होते, तिथे दगड जमवणे हा कारभाराचा भाग झाला. सॅक्सनीत फ्रायबर्ग इथे १७६५ साली खाणविद्येची अकादमी निघाली आणि तिथे विद्यार्थ्याला नमुन्यांवरून धातुक ओळखायला शिकवले जाऊ लागले. लंडनमध्ये जर्मिन स्ट्रीटवर १८५१ साली उपयोजित भूविज्ञानाचे संग्रहालय लोकांसाठी उघडले आणि त्याच इमारतीत खाणविद्येची शाळा भरू लागली. अशा संग्रहाची ताकद तुलनेत असते. जगाच्या चार कोपऱ्यांतले दगड एका टेबलावर आले की न पाहिलेल्या डोंगराविषयीही अंदाज बांधता येतो. ब्रिटिश भूवैज्ञानिक रॉडरिक मर्चिसन यांनी रशियातला उरल पर्वत पाहिला होता. ऑस्ट्रेलिया मात्र कधीच पाहिला नव्हता. स्ट्रेलेत्स्की या प्रवाशाने आणलेले ऑस्ट्रेलियातले दगड त्यांनी लंडनमध्ये तपासले आणि १८४४ साली तिथली पर्वतरांग उरलसारखीच असल्याचे मांडून सोन्याची शक्यता सूचित केली. १८५१ साली तिथे सोन्याची झुंबड उडाली. ती केवळ मर्चिसन यांच्यामुळे उडाली असे म्हणता येत नाही, पण लंडनमधल्या कपाटातले दगड वसाहतीच्या भवितव्याविषयी बोलू शकतात हा विश्वास त्या काळात पक्का झाला. कापडाच्या बाबतीतही हेच घडले. लंडनच्या इंडिया म्युझियमचे जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ साली भारतीय कापडाचे ७०० तुकडे १८ खंडांत चिकटवून इंग्लंडमधल्या औद्योगिक शहरांत पाठवले, म्हणजे तिथल्या गिरण्यांना इथली आवड बसल्या जागी कळावी. नमुना हा त्या काळात व्यापाराचा आणि राज्यकारभाराचा नेहमीचा भाग होता.

हिंदुस्थानात ही पद्धत कोळशाच्या निमित्ताने स्थिरावली. आगबोटींसाठी कोळसा हवा होता आणि तो इंग्लंडहून आणणे महाग पडत होते. १८३०च्या दशकात कोळसा आणि खनिजसंपत्ती शोधण्यासाठी कलकत्त्यात सरकारी समिती नेमली गेली, १८४०च्या सुमारास तिथे आर्थिक भूविज्ञानाचे संग्रहालय सुरू झाले आणि १८५१ साली टॉमस ओल्डहॅम यांच्या हाती भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची सूत्रे आली. मुंबई इलाख्यात याच वाटेवरचा एक माणूस विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे १८२० आणि १८३०च्या दशकांच्या सांध्यावर मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी होते. त्यांनी दख्खनची लोकसंख्या, पिके, जमिनीचे हक्क, पक्षी आणि खडक या सगळ्यांची माहिती गोळा केली. दख्खनच्या भूरचनेवरचा त्यांचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे १८३३ साली वाचला गेला. पुढे ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक झाले आणि १८५६ साली अध्यक्ष. त्यांची शास्त्रीय निष्ठा खरी होती, तिच्यावर शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ज्या पाहणीत शेतसारा आणि दगड शेजारी शेजारी नोंदले जातात, तिथे दगडाकडे पाहणारी नजरही जमाबंदीच्या नजरेजवळ जाते. मुंबईत १८५५ साली मध्यवर्ती संग्रहालयाची जुळवाजुळव सुरू झाली, तेव्हा निसर्ग, अर्थव्यवहार, भूविज्ञान, उद्योग आणि कला हे विषय एकाच छपराखाली आणले गेले. आजचे भाऊ दाजी लाड संग्रहालय हा त्याचाच वारसा. १८५७च्या उठावात सैन्यासाठी जागा हवी झाली आणि बराकींत ठेवलेल्या त्या पहिल्या संग्रहाची वाताहत झाली. लढाईच्या गरजेपुढे संग्रह मागे पडतो आणि शांतता आली की राज्य तो पुन्हा उभा करते, हेही त्यातून दिसले.

आता प्रत्यक्ष कातळाकडे येऊ. सह्याद्रीचा हा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचा बनलेला आहे. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूंनी पोकळ्या सोडल्या. पुढे कातळातून झिरपणाऱ्या कोमट ते उष्ण पाण्याने बेसाल्टमधली सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम ही द्रव्ये विरघळवून या पोकळ्यांत आणली आणि तिथे सावकाश स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट, त्यांच्याबरोबर ॲपोफिलाइट, कॅल्साइट आणि गारगोटीच्या कुळातली खनिजे. काही थर घट्ट असतात, त्यांत पोकळ्या जवळजवळ नसतात. काही पोकळीदार असतात आणि स्फटिक मिळतात ते मुख्यत्वे त्यांच्यात. कोकणच्या पावसात आणि उन्हात हे नाजूक स्फटिक पृष्ठभागावर फार काळ टिकत नाहीत. ते झिजतात, पांढुरके होतात, मातीत मिसळतात. ओढ्याकाठी, विहिरीच्या खोदाईत किंवा रस्त्याच्या कडेला थोडे नमुने मिळत आणि ते रेल्वेच्या आधीही लंडनला पोचत होते. इंग्रज खनिजशास्त्रज्ञ एच. जे. ब्रूक यांनी १८३१ साली पुण्याच्या अशाच नमुन्यांना नवे खनिज मानून पुण्यावरून नाव दिले. पुढे ते आधीच माहीत असलेल्या झिओलाइटपैकीच निघाले. पण कपाटे भरतील इतके ताजे, मोठे, अभंग स्फटिक हवे असतील तर ताजा कातळ प्रचंड प्रमाणात उघडावा लागतो. तेवढा कातळ कोणी उघडला आणि कशासाठी, हा प्रश्न खनिजविज्ञानाच्या पुस्तकात सहसा येत नाही. इतिहासाला मात्र तो टाळता येत नाही.

तो कातळ उघडला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने. या कंपनीचे प्रवर्तक जॉन चॅपमन यांनी १८५१ साली हिंदुस्थानच्या कापसावर आणि व्यापारावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, यावरून रेल्वेचा हेतू कळतो. लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकेखेरीज दुसरीकडचा कापूस हवा होता आणि वऱ्हाड-दख्खनचा कापूस सह्याद्रीमुळे मुंबई बंदरापासून तुटलेला होता. १८४९च्या करारानुसार कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिली गेली आणि ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी १८५३च्या टिपणात व्यापाराबरोबर सैन्याच्या जलद हालचालीचाही मुद्दा मांडला. त्याच वर्षी १६ एप्रिलला मुंबई-ठाणे गाडी धावली. १८५६च्या मे महिन्यात लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला आणि १८५८च्या जूनमध्ये खंडाळा-पुणे हा वरचा टप्पा सुरू झाला. मधला डोंगर तेवढा राहिला. तो पालखीने, तट्टाने किंवा पायी ओलांडावा लागे. पळसदरीपासून वर जाणारा घाटमार्ग मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखला. लांबी पावणेसोळा मैलांच्या आसपास, चढ १,८३१ फूट, सर्वांत तीव्र उतार ३७ फुटांना एक फूट, २५ बोगदे, ८ मोठे पूल. एके ठिकाणी गाडीची दिशा उलटवण्यासाठी रिव्हर्सिंग स्टेशन करावे लागले. सात वर्षे सुरुंग फुटत राहिले. कर्जत-खालापूरच्या डोंगराच्या पोटात साडेसहा कोटी वर्षे बंद असलेल्या पोकळ्या या स्फोटांनी उघडल्या, आणि भोर घाट हे नाव स्फटिकांच्या चिठ्ठ्यांवर चढले.

या सात वर्षांची दुसरी बाजू चिठ्ठीवर नाही. १८६१च्या जानेवारीत घाटात एका वेळी ४२,०००हून अधिक माणसे काम करत होती. पुरुष सुरुंग लावत आणि कातळ फोडत, बायका आणि मुले पाट्या वाहत. दरडीवर दोराला लोंबकळत पहारीने भोके पाडावी लागत. मजुरी वेळेवर मिळत नव्हती. १८५९च्या जानेवारीत मजुरांनी उठाव केला आणि त्यानंतर लवकरच कंत्राटदार फॅव्हिएल यांनी काम सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि कंत्राट त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी पुढे चालवले. पटकीने आणि तापाने छावण्यांत हजारो बळी घेतले. बर्कली स्वतः आजारी पडून इंग्लंडला परतले आणि १८६२ साली वारले. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी घाटमार्ग उघडला तो सोहळा बर्कलींना पाहायला मिळाला नाही. बर्कली, फॅव्हिएल, ट्रेडवेल ही नावे अभियांत्रिकीच्या इतिहासात राहिली. ज्यांच्या पहारीखाली स्फटिकांची पोकळी पहिल्यांदा उघडली त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्याही नमुन्याबरोबर गेले नाही.

आता मूळ मुद्दा. या दगडांनी साम्राज्याच्या कोणत्या कामी हातभार लावला? पहिले काम नकाराचे होते. डॉ. हेन्री कार्टर यांनी १८५७ साली पश्चिम हिंदुस्थानच्या भूविज्ञानावरचे निबंध एकत्र करून मुंबई सरकारसाठी छापले. १८६७ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले विल्यम ब्लॅनफर्ड यांचा दख्खनच्या लाव्ह्यावरचा मोठा अहवाल आला. या अभ्यासांमुळे कारभाराला एक गोष्ट कळली, ती अशी की या कातळात कोळसा शोधण्यात अर्थ नाही. लाव्ह्याचा थर जिथे संपतो तिथे, म्हणजे नागपूर-चांद्याकडे पाहावे. तिकडे पाहिले गेले. १८७०च्या दशकात चांदा जिल्ह्यात वरोरा इथे सरकारी कोळसाखाण उभी राहिली आणि तिचा कोळसा याच रेल्वेच्या इंजिनांत जळू लागला. शतकाच्या शेवटी नागपूर भागात मँगनीज निघाले आणि ते बंदरांवाटे युरोपच्या पोलाद कारखान्यांकडे गेले. त्या खनिजांचा मोठा अभ्यास ल्युइस फर्मोर यांनी १९०९ साली प्रसिद्ध केला आणि तिथल्या काही नव्या खनिजांना सर्वेक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांची नावे मिळाली. एका ठिकाणचा नकार आणि दुसऱ्या ठिकाणचा होकार हे एकाच वर्गीकरणाचे दोन रकाने आहेत. कुठे खणू नये हे कळल्याखेरीज कुठे खणावे हे स्वस्तात कळत नाही. कर्जत-खालापूरच्या दगडाने तो पहिला रकाना भरला.

दुसरे काम विभागणीचे. एकाच कातळाचे घाटात तीन भाग झाले. घट्ट काळा दगड घडवून पुलांच्या कमानींत आणि बोगद्यांच्या तोंडांना बसवला गेला. फुटलेला दगड भरावात आणि रुळांखाली खडी म्हणून गेला. पोकळीतला स्फटिक शास्त्राची वस्तू ठरून पेटीत गेला. पहिल्या दोन भागांचा हिशेब कंपनीच्या वह्यांत घनफुटांनी झाला, तिसऱ्याचा संग्रहालयाच्या नोंदवहीत क्रमांकाने. या दोन वह्या कधी एकमेकींसमोर आल्या नाहीत. म्हणून संग्रहालयातला स्फटिक जणू आपोआप डोंगरातून निघून कपाटात आला असे वाटते, आणि रेल्वेच्या इतिहासात डोंगर म्हणजे नुसता अडथळा वाटतो. विज्ञान आणि बांधकाम वेगळे दिसावे, दोन्हींमागची मजुरी दोन्हींतून गळून पडावी, हे या विभागणीमुळे साधले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळे फार ताणलेले आहे. झिओलाइट विकून कोणी इलाखा जिंकला नाही. ज्या अधिकाऱ्याने सुट्टीच्या दिवशी खडे गोळा केले त्याला सौंदर्याची ओढ होती, लुटीची नव्हती. शिवाय राणीगंजचा कोळसा तर संग्रहालये निघण्याच्या कितीतरी आधी, १७७४ सालीच इंग्रज अधिकाऱ्यांनी काढायला सुरुवात केली होती. मग संग्रहाला एवढे महत्त्व का द्यावे? आक्षेपात तथ्य आहे. संग्रहामुळे खाणी निघाल्या असा सरसकट दावा पुराव्याला धरून होणार नाही. पण १७७४चा कोळसा आणि १८७०च्या दशकातला वरोऱ्याचा कोळसा यांत फरक आहे. पहिला एका ठिकाणची ऐकीव माहिती आणि दोन-तीन माणसांचे धाडस यांवर उभा होता. दुसरा नकाशा, थरांचा क्रम, जीवाश्म आणि नमुने यांच्या आधारे आखलेला होता. संग्रहाने शोधाला सातत्य दिले. एका अधिकाऱ्याची बदली झाली, तो वारला, तरी त्याची माहिती कपाटात राहून पुढच्याच्या हाती गेली. व्यक्तीचा हेतू निर्मळ असू शकतो. ज्या यंत्रणेत त्याचा खडा जमा होतो तिचा हेतू वेगळा असू शकतो. इतिहासाने दोन्ही नोंदवावेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संग्राहक नसते तर हे स्फटिक रुळांखालच्या खडीत चिरडले गेले असते. त्यांनी ते वाचवले, मोजले, त्यांचे रासायनिक पृथक्करण केले. आज झिओलाइटचा अभ्यास पाणी शुद्ध करण्यापासून तेलशुद्धीकरणातल्या उत्प्रेरकांपर्यंत उपयोगी पडतो आणि त्याच्या पायाशी जुने नमुने आहेत. हे मान्य करायलाच हवे. ब्लॅनफर्ड यांच्या अहवालाखेरीज सह्याद्रीचा भूवैज्ञानिक अभ्यास आज जिथे आहे तिथे नसता. मात्र वाचवले गेले ते खनिज. त्याचा ठिकाणा वाचला नाही. भोर घाट म्हणजे पंचवीस किलोमीटरचा पट्टा. त्यात नमुना कोणत्या बोगद्यातला, किती उंचीवरच्या थरातला, पोकळीच्या कोणत्या बाजूचा, हे लिहिले नसेल तर तो नमुना विज्ञानालाही अर्धाच उपयोगी आहे. आजच्या अभ्यासकाला लाव्ह्याच्या कोणत्या प्रवाहात कोणते खनिज कोणत्या क्रमाने आले हे हवे असते. अपुरी चिठ्ठी इतिहासाचे नुकसान करते तसेच विज्ञानाचेही करते. गावाचे नाव आणि माणसाचे नाव गाळण्याची सवय एकच आहे आणि तिची किंमत दोन्ही विद्यांनी मोजली आहे.

तिसरा आक्षेप असा की इथल्या लोकांना या खड्यांचे काही वाटत नव्हते. ज्यांनी कदर केली त्यांच्याकडे ते गेले, यात अन्याय कसला? याला उत्तर कर्जतच्या डोंगरातच आहे. राजमाचीच्या पायथ्याची कोंडाणे लेणी इसवी सनाच्या आधीच्या शतकांत सुरू झाली असे मानले जाते. कातळात चैत्यगृह कोरणाऱ्याला कोणता थर सलग आहे, कोणता पोकळीदार आणि ठिसूळ आहे, पाणी कुठून झिरपते, हे कळल्याशिवाय एक खांबही उभा राहिला नसता. खोपोलीला नाना फडणीसांनी बांधवलेल्या तलावाच्या दगडी कामातही तीच जाण आहे. पाथरवट आणि वडार यांच्या हाती दगडाचे गुण ओळखण्याची पिढीजात विद्या होती. त्या विद्येविना घाटातली एकही कमान बांधली गेली नसती. डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांना कोणत्या कड्यातून उन्हाळ्यातही पाणी पाझरते हे ठाऊक असते, आणि दोन लाव्हाथरांमधला सांधा ओळखणे ते हेच. ही विद्या कागदावर नव्हती, म्हणून संग्रहाने तिला विद्या मानले नाही. स्फटिक कपाटात ठेवण्याची रीत इथे नव्हती हे खरे. त्यावरून इथे दगडाची जाण नव्हती असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट या जाणकारांना हाताशी धरूनच घाट उभा राहिला आणि स्फटिक हाती आले.

चौथा आक्षेप आजचा आहे. इंग्रज गेले, डोंगर आपला झाला, मग जुने उगाळून काय मिळणार? पण डोंगर फोडण्याचे काम थांबलेले नाही, ते वाढले आहे. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले; घाटमाथ्यावरच्या धरणांचे पाणी नळांतून खाली आणून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. भांडवल देशी होते, डोंगराच्या उंचीचा उपयोग तोच. त्यानंतर द्रुतगती महामार्गाचे बोगदे आले. खोपोली ते कुसगाव या नव्या जोडरस्त्यासाठी आणि पनवेल-कर्जत रेल्वेमार्गासाठी वावर्ल्याजवळ पुन्हा सह्याद्रीच्या पोटात बोगदे खणले गेले. इमारतींच्या खडीसाठी दगडखाणी आणि क्रशर चालतात. सरकारी हिशेबात दगड हे गौण खनिज आहे आणि स्वामित्वधन ब्रासवर मोजले जाते. पोकळीतला स्फटिक त्या हिशेबात बसत नाही. तो कामगाराच्या हाती लागतो, दलालाकडे जातो आणि पुढे खनिजांच्या जागतिक बाजारात. ॲरिझोनातल्या टूसॉन इथल्या वार्षिक प्रदर्शनात महाराष्ट्राचे झिओलाइट नेहमीच मागणीत असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयाने यांतले उत्तम नमुने महाराष्ट्रातच पाहता येतील अशी सोय केली, हे मोलाचे काम आहे. पण एकंदर व्यवहाराची घडण जुन्यासारखीच राहिली आहे. दगड घनमापाने, स्फटिक सौंदर्याने, माणूस रोजंदारीने मोजला जातो आणि ठिकाण ढोबळ नावाने लिहिले जाते. राज्यकर्ते बदलले तरी पद्धत आपोआप बदलत नाही, ती जाणीवपूर्वक बदलावी लागते.

तर मग काय करावे? परदेशातला प्रत्येक स्फटिक परत आणा, अशी मागणी सोपी आहे आणि भावनेला धरूनही आहे. काही बाबतींत ती योग्यही असेल. पण कर्जत-खालापूरच्या प्रश्नाचे ते मुख्य उत्तर नाही, कारण इथून गेलेली सर्वांत मोठी गोष्ट माहिती आहे. पहिली मागणी माहितीचीच हवी. ज्या संग्रहालयांकडे भोर घाटाचे नमुने आहेत त्यांनी त्यांच्या नोंदवह्या, देणगीदारांची पत्रे आणि चिठ्ठ्यांची छायाचित्रे सर्वांना खुली करावीत. रेल्वेची बांधकामाची टिपणे त्यांच्या शेजारी ठेवून वाचली तर अनेक नमुन्यांचा बोगदा आणि वर्ष ठरवता येण्याची शक्यता आहे. दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. आज जिथे जिथे नवा बोगदा किंवा खाण उघडते तिथे कातळाचे छेद, थरांची उंची आणि मिळालेले स्फटिक यांची नोंद कामाचाच भाग व्हावी, आणि त्या नोंदीत गाव, शिवार आणि नमुना काढणाऱ्या कामगाराचे नाव त्याच्या संमतीने यावे. भूवारसा जपण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. अशा कायद्यात प्रसिद्ध स्थळांबरोबर रोज फुटणाऱ्या कातळाचाही विचार हवा. तिसरी गोष्ट शिक्षणाची. कर्जत किंवा खोपोलीच्या महाविद्यालयात तालुक्याच्या दगडांचा साधा, नीट चिठ्ठ्या लावलेला संग्रह उभा करायला फार पैसा लागत नाही. मुलांनी आपल्या शिवारातला दगड ओळखावा, तो कोणत्या लाव्हाथरातला आहे ते शिकावे आणि त्याच डोंगरात १८५६ ते १८६३ या काळात काय घडले तेही त्याच धड्यात वाचावे.

या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाने दोन टोके टाळावीत. जुना प्रत्येक संग्राहक लुटारू होता असे मानले तर साइक्स, कार्टर, ब्लॅनफर्ड यांच्या कामातून शिकण्याजोगे खूप काही हातचे जाईल. संग्रह म्हणजे निखळ ज्ञान असे मानले तर ४२,००० माणसांची मेहनत पुन्हा एकदा गाळली जाईल. दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच पुढे वाचावे. संग्रहाने जमिनीचे ज्ञान वाढवले आणि तेच ज्ञान जमीन ताब्यात ठेवणाऱ्यांच्या उपयोगाला आले. स्फटिक जपले गेले आणि ते काढणारे विसरले गेले. यातले पहिले अर्धे आपल्याला पुस्तकांतून आयते मिळाले आहे. दुसरे अर्धे शोधून लिहिण्याचे काम अजून बाकी आहे, आणि ते करण्याचा पहिला अधिकार आणि पहिली जबाबदारी घाटाखालच्या या दोन तालुक्यांची आहे.